पिशवीबरोबर आणखी काय गेलं?

‘पिशवी काढली’ हे शब्द आपण सगळ्याजणी इतक्या सहज उच्चारतो की त्यात एक मोठी गोष्ट झाकली जाते, हे ध्यानातच येत नाही. पिशवी एकच. ती गेली की पाळी गेली, पोटदुखी गेली, खाडा गेला, हिशेब मिटला. पण पिशवीच्या दोन्ही अंगांना बदामाएवढे दोन बीजकोश असतात. ‘पोट उघडलंच आहे, तर पुढची कटकट नको’ असं म्हणून पुष्कळदा तेही काढून टाकले जातात. हे बाईला कुणी सांगत नाही. तिच्या नवऱ्यालाही सांगत नाही. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत कसलीतरी चार अक्षरं खरडलेली असतात. आणि आपल्या संघटनांच्या सर्वेक्षणांत वय, मुलं, कुणी सल्ला दिला, किती खर्च झाला, कर्ज कुणाकडून काढलं असे सगळे रकाने असतात, फक्त हा एक नसतो.

मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मराठवाड्यात बायकांच्या आरोग्यावर काम करते. मागे एका बैठकीत मी आग्रह धरला की फॉर्ममध्ये ‘बीजकोश ठेवले की काढले’ हा प्रश्न घालावा आणि प्रत्येक बाईचा रक्तदाब मोजावा. एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं मला समजुतीच्या सुरात सांगितलं, “अगं, हा वैद्यकीय तपशील झाला. आपला मुद्दा शोषणाचा आहे.” त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण हा लेख मी त्या एका वाक्याशी भांडण्यासाठी लिहिते आहे.

बीडचा प्रश्न २०१९ साली वर्तमानपत्रांतून गाजला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा बायांमागे एक. त्या आधी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) हा प्रश्न देशभर पहिल्यांदा विचारला गेला होता, तेव्हा १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होतं. या दोन आकड्यांमधल्या अंतरात काय काय भरलंय ते आपल्याला ठाऊक आहे: कोयत्याची उचल, मुकादमाचा दंड, पालावर नसलेलं न्हाणीघर, अंगावरून पांढरं जातंय म्हटल्याबरोबर ‘कॅन्सर होईल’ ही भीती आणि गावाबाहेरचा खासगी दवाखाना. त्यावर आपण पुष्कळ लिहिलं, मोर्चे काढले. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगढमधल्या अशाच शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं सगळ्या राज्यांना केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. हे सगळं आवश्यकच होतं. पण ही सगळी लढाई ऑपरेशन टेबलाच्या अलीकडची आहे. टेबलावरून उतरून जी बाई घरी गेली आणि अजून तीस-चाळीस वर्षं जगणार आहे, तिचं काय?

आता तो ‘वैद्यकीय तपशील’ पाहू.

बीजकोश म्हणजे फक्त मूल होण्याचं साधन, ही समजूत पुरुषी वैद्यकशास्त्रानं आपल्या डोक्यात घट्ट बसवली. मुलं झाली, आता काय काम त्याचं? काम आहे. बीजकोशातून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि सगळ्या अंगभर फिरतं. हाडांत, मेंदूत, कातडीत आणि रक्तवाहिन्यांत. रक्तवाहिनी ही काही प्लास्टिकची नळी नव्हे. तिला आतून एकाच पेशीच्या जाडीचं एक जिवंत अस्तर असतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात सोडत राहतं. त्यानं वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैलावतात, वाहिनी रुंदावते, रक्ताच्या चकत्या एकमेकींना चिकटत नाहीत. (या वायूची ही कामगिरी शोधून काढणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं.) इस्ट्रोजेन या अस्तराला तो वायू जास्त तयार करायला लावतं. शिवाय यकृताकडून रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ओढून घेण्याचं कामही ते वाढवतं. बायकांना हृदयविकाराचा झटका सरासरीनं पुरुषांपेक्षा जवळजवळ दहा वर्षं उशिरा येतो, त्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं. एकमेव कारण नव्हे. तंबाखू, रक्तदाब, साखर, उपासमार, कष्ट हे सगळं आहेच, आणि पाळी चालू असलेल्या बाईला झटका येतच नाही असंही नाही.

पाळी आपोआप जाते तेव्हा हे संप्रेरक काही वर्षांत हळूहळू ओसरतं. भारतात ते साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं. शरीराला सवय व्हायला अवधी मिळतो. तिशीतल्या बाईचे दोन्ही बीजकोश काढले की हेच एका दुपारी होतं. अंगातून वाफा निघणं, झोप उडणं, छातीत धडधडणं हे ती सांगते तरी. आतलं अस्तर कडक होत जाणं, कोलेस्टेरॉल चढणं, दाब वाढणं याला आवाज नसतो. एके दिवशी तिच्या अंगावरून वारं जातं, आणि घरचे म्हणतात, नशीब.

हा माझा तर्क नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या ज्या प्रचंड पाहणीला १९७६ साली सुरुवात झाली, तिच्यातल्या गर्भाशय काढलेल्या २९,३८० जणींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे दोन्ही बीजकोशही काढले होते त्यांच्यात बीजकोशाचा आणि स्तनाचा कॅन्सर कमी आढळला, पण हृदयविकार जास्त, आणि एकूण मृत्यूही जास्त. म्हणजे ज्या कॅन्सरची भीती घालून हे करतात तो टळतो हे खरं, पण हिशेबाची दुसरी बाजू बाईला दाखवलीच जात नाही. मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनीही हेच पाहिलं: पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश गेलेल्या बायकांत हृदयविकारानं होणारे मृत्यू जास्त होते, विशेषतः ज्यांना नंतर इस्ट्रोजेन दिलं गेलं नाही त्यांच्यात. बीजकोश शिल्लक ठेवले तरी सगळं आलबेल असतं असं नाही. नुसतं गर्भाशय काढल्यावरही ते काही वर्षं लवकर थकतात असं आढळलं आहे. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे, एवढं प्रामाणिकपणे म्हणायला हवं. ज्या घरात आई-बहिणींना बीजकोशाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या आहे तिथे ते काढणं जीव वाचवणारं ठरू शकतं, हेही. पण आमच्या वस्तीतल्या बाईला यातली कुठली तपासणी करून निर्णय दिला होता? एक सोनोग्राफी, ‘पिशवीला सूज आहे’, आणि तारीख.

आता मी आपल्याच घरात वाद घालणार आहे.

या बायकांना इस्ट्रोजेन मिळायला हवं असं म्हटलं की आपल्यातल्या अनेकींच्या कपाळाला आठ्या पडतात. हॉर्मोन म्हटलं की कंपन्यांचं कारस्थान. ही शंका हवेतून आलेली नाही. ऐंशीच्या दशकात ई.पी. फोर्टच्या गोळ्या गर्भ राहिलाय का ते पाहायला आणि पाडायलासुद्धा सर्रास विकल्या जात होत्या. त्याविरुद्ध स्त्री-संघटना आणि आरोग्य-कार्यकर्ते वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा १९८८ साली बंदी आली. नेट-एन या इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध १९८६ साली संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं १९९४ साली पुण्याच्या ससूनमध्ये काढली गेली, तेव्हाही आपणच रस्त्यावर होतो. हा वारसा मला प्रिय आहे.

आणि पाश्चात्त्य देशांतली गोष्ट तर आणखी संतापजनक. रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरनं १९६६ साली एक पुस्तक लिहिलं. सूर असा की पाळी गेलेली बाई ही अपुरी बाई, तिला आजन्म इस्ट्रोजेन द्या म्हणजे ती नवऱ्याला हवीहवीशी राहील. त्याच्या संस्थेला औषधकंपन्यांचा पैसा होता हे नंतर उघड झालं. गाभण घोड्यांच्या मुतापासून बनवलेली ती गोळी १९४२ पासून बाजारात होती, आता तिचा खप गगनाला भिडला. पुढे जाहिरातीत ‘हृदयाचं रक्षण’ हेही आलं. गंमत पाहा, इस्ट्रोजेननं हृदय वाचतं का याची पहिली मोठी चाचणी कुणावर झाली? पुरुषांवर. साठच्या दशकात अमेरिकेत झटका येऊन गेलेल्या ८,३४१ पुरुषांवर निरनिराळी औषधं तपासली, त्यांत एका गटाला इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांना झटके वाढले म्हणून मोठ्या डोसचा गट १९७० मध्येच थांबवला. बायकांना मात्र गोळ्या देणं चालूच राहिलं. हृदयरोगी बायकांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष यायला १९९८ साल उजाडलं. त्यात २,७६३ बायका होत्या. फायदा काही दिसला नाही, पहिल्या वर्षात झटके वाढले, शिरांत गुठळ्या वाढल्या. मधली अठ्ठावीस वर्षं बायका काय खात होत्या, तर आशा.

मग जुलै २००२. अमेरिकेतल्या १६,६०८ निरोगी बायकांवरची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. दर वर्षी दर दहा हजार बायकांमागे हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८, फुप्फुसात गुठळी जाण्याचे ८ आणि स्तनाच्या कॅन्सरचे ८ रोगी जास्त. आतड्याचा कॅन्सर आणि खुब्याची मोडलेली हाडं मात्र कमी. जगभरच्या स्त्री-आरोग्य चळवळीनं म्हटलं, बघा, आम्ही सांगतच होतो. आणि ते बरोबरच होतं. पिढीच्या पिढीला पुराव्याशिवाय औषध पाजलं गेलं होतं. आधीच्या अभ्यासांत हॉर्मोन घेणाऱ्या बायका निरोगी दिसत होत्या, त्याचं एक कारण म्हणजे त्या मुळात सुस्थितीतल्या, शिकलेल्या, डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या होत्या. वर्गाचा प्रश्न औषधाच्या बाटलीत शिरला होता.

पण मैत्रिणींनो, त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. वाहिन्यांच्या भिंतींवर चरबीचे थर साचून गेलेल्या. त्या वयाला तोंडावाटे इस्ट्रोजेन दिलं तर ते आधी यकृतातून जातं, रक्त गोठवणारी द्रव्यं वाढवतं, आणि साचलेल्या थरावर गुठळी बसते. भिंत अजून नितळ असतानाची गोष्ट वेगळी असू शकते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ६४३ बायकांच्या एका चाचणीत पाळी गेल्यापासून सहा वर्षांच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलेल्यांच्या मानेतल्या रक्तवाहिन्यांची भिंत जाड होण्याचा वेग कमी झाला. दहा वर्षांनंतर सुरू केलेल्यांत काहीच फरक पडला नाही. ही वाहिनीच्या जाडीची मोजणी आहे, झटके टळल्याचा पुरावा नाही, हे पुन्हा सांगते. त्यामुळे पन्नाशीच्या बाईनं निव्वळ हृदयासाठी हॉर्मोन घ्यावं असं कुठलीही जबाबदार संस्था आजही म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

पण बत्तिसाव्या वर्षी जिचे बीजकोश काढले, तिचा प्रश्नच निराळा आहे. तिला काही ‘जास्तीचं’ द्यायचं नाही. तिच्या अंगात पुढची चौदा-पंधरा वर्षं जे असायचंच होतं, ते परत द्यायचं आहे. अशा बाईला, स्तनाचा कॅन्सर, पूर्वीची गुठळी, यकृताचा आजार अशी अडचण नसेल तर, पाळी आपोआप जाण्याच्या वयापर्यंत तरी इस्ट्रोजेन द्यावं, यावर रजोनिवृत्तीचा अभ्यास करणाऱ्या वैद्यकीय संस्थांचं आज बऱ्यापैकी एकमत आहे. आणि तिचं गर्भाशय काढलेलं असल्यानं बहुतेकदा जोडीला प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. २००२ चा निकाल तिला लावणं म्हणजे सासूचा आजार पाहून सुनेला पथ्य घालणं. विल्सनच्या श्रीमंत गिऱ्हाइकांना जे गरज नसताना पाजलं, ते आमच्या कोयत्यावरच्या बाईला गरज असताना नाकारलं जातंय, आणि त्या नकाराला आपल्या तत्त्वाचा आधार मिळतोय. याला मी शोषणाच्या मुद्द्याबाहेरचा तपशील मानायला तयार नाही. गरीब बाईचा अवयव स्वस्तात काढायचा आणि त्याची भरपाई फक्त शहरातल्या बाईला परवडायची, यापेक्षा वर्गीय गोष्ट कोणती?

माझ्या ओळखीची एक बाई आहे, एकतिसाव्या वर्षी ऑपरेशन झालेली, आता अडतीस. दवाखान्यानं तिला जाताना कॅल्शियमच्या पंधरा गोळ्या आणि ‘आता तुम्ही मोकळ्या’ एवढं दिलं. सात वर्षांत तिच्या दंडाला रक्तदाबाचं यंत्र एकदाही लागलं नव्हतं. आम्ही लावलं तेव्हा वरचा आकडा १७० च्या पुढे होता. तिनं विचारलं, “ताई, पिशवीचा नि बी.पी.चा काय संबंध?” त्या वेळी तिच्याबरोबर आणखी पाचजणी बसल्या होत्या, सगळ्या ऑपरेशन झालेल्या. सहाजणींपैकी एकीलाही आपले बीजकोश आहेत की नाहीत हे माहीत नव्हतं.

दाबाचं हे मोजमाप दुसऱ्या टोकालाही कुणी करत नाही. माला-डीच्या गोळीत इस्ट्रोजेन आहे. ज्या बाईचा दाब १४०/९० च्या वर आहे, किंवा जी पस्तिशीनंतर विडी ओढते, तिला ती गोळी देऊ नये असा नियम आहे, कारण पक्षाघाताचा आणि गुठळीचा धोका वाढतो. २०११ पासून आशाताई गर्भनिरोधकं घरपोच देतात. किती आशांकडे दाब मोजायचं चालू यंत्र आहे? गोळीला माझा विरोध नाही. पाहिल्याशिवाय देण्याला आहे.

शिवाय वारं पुन्हा फिरतंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रजोनिवृत्तीच्या हॉर्मोनांवरचे हृदयविकाराचे आणि स्तनाच्या कॅन्सरचे ठळक चौकटीतले इशारे काढण्याचं जाहीर केलं. याचे पडसाद आपल्या शहरांत उमटतील. चकचकीत क्लिनिकं, ‘चिरतारुण्य’, पुन्हा तेच विल्सनी सूर. त्या वेळी आपण नुसतं ‘हॉर्मोन मुर्दाबाद’ म्हणून चालणार नाही, कारण आपल्याच बायकांना ते लागणार आहे. कुणाला, कोणत्या वयात, किती दिवस, कातडीवरून की तोंडावाटे, हे बोलण्याइतकी तयारी आपल्या शिबिरांत व्हायला हवी. नाहीतर एका बाजूला कंपनी बोलेल, दुसऱ्या बाजूला आपण घोषणा देऊ, आणि बाई मधे उभी राहील.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती सरकारइतकीच आपल्या संघटनांकडेही आहे. गर्भाशय काढलेल्या प्रत्येक बाईला मराठीत लिहिलेला कागद मिळाला पाहिजे: काय काढलं, काय ठेवलं, का. जुन्या ऑपरेशनांचे कागद माहितीच्या अधिकारात, जमेल तिथे दवाखान्याच्या दारात बसून, आपण मिळवू शकतो. ते ज्यांना मिळणारच नाहीत त्यांची सोनोग्राफी आणि रक्ताची एक तपासणी जिल्हा रुग्णालयात फुकट व्हावी. पंचेचाळिशीच्या आत बीजकोश गेलेल्या बाईला स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला आणि योग्य असेल तर इस्ट्रोजेन सरकारी दवाखान्यातून मिळावं. आज माझ्या माहितीतल्या एकाही प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नाही.

आणि दाब. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, पण ती तपासणी गावात होते, आणि ही बाई दसऱ्यानंतर गावात नसते. ती पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असते, पार मार्च-एप्रिलपर्यंत. आरोग्य केंद्र एका वेळी महिन्याच्या गोळ्या देतं, त्या दिवाळीच्या आसपास संपतात. ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन झालेलं आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे पैसे घेण्याचं ठरलेलं आहे. त्या पैशांतून प्रत्येक कारखान्याच्या तळावर एक परिचारिका, एक यंत्र आणि एक नोंदवही ठेवायला लावू या, आणि निघताना दाबाच्या रोगी बाईच्या हातात सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम पडतील असा आदेश आरोग्य खात्याकडून काढून घेऊ या. टोळ्या निघायच्या आधी, भाद्रपदातच.